नवा करार आणि जुना हिशेब

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाचे मराठीत दोन भाग आहेत. एकास जुना करार म्हणतात व दुसऱ्यास नवा करार. करार हा शब्द देवळातला नव्हे, तो पेढीवरचा व कचेरीतला आहे. तो उच्चारला की आमच्या व्यापारी वाचकांच्या डोळ्यांपुढे स्टांपाचा कागद, उभय पक्षांच्या सह्या, साक्षीदार व मुदत ही उभी राहतात, आणि वकिलाच्या डोळ्यांपुढे करारभंगाची फिर्याद उभी राहते. ईश्वर व मनुष्य यांच्यामध्ये करार झाला, तो मनुष्याने मोडला, आणि तरीही ईश्वराने नाते तोडून न टाकिता नवा करार आपण होऊन देऊ केला, असे ख्रिस्ती धर्माचे म्हणणे आहे. व्यवहारी बुद्धीस हे चमत्कारिक वाटते. परंतु क्षमा म्हणजे काय, ती कोणी करावयाची, आणि ती झाली म्हणजे भरपाईचे देणे बुडते की काय, हे प्रश्न एकट्या ख्रिस्ती लोकांचे नाहीत. ज्या समाजात एका वर्गाने दुसऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला आहे, त्या प्रत्येक समाजास ते सोडवावे लागतात. म्हणून ह्या वचनाचा विचार आम्ही आज येथे करीत आहो.

प्रथम हे वचन कोणास व कोणत्या प्रसंगी दिले गेले ते पाहू. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम घेतले, तेथील मंदिर जाळले व यहुदी लोकांपैकी पुष्कळांस बंदी करून नेले. यिर्मया हा संदेष्टा त्या काळचा. सीनाय पर्वतावर झालेला करार लोकांनी मोडला, मूर्तींच्या मागे लागून मोडला व परका, पोरका आणि विधवा यांस नाडून मोडला, असा त्याचा आरोप होता. त्याच यिर्मयाच्या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचे वचन आहे. त्याची कलमे थोडी आहेत. पूर्वीचे नियम दगडी पाट्यांवर होते, हे अंतःकरणावर लिहिले जावयाचे. लहानापासून थोरापर्यंत सर्वांस ईश्वराची ओळख व्हावयाची. आणि झाल्या अपराधांची क्षमा होऊन त्यांचे स्मरणही धरिले जावयाचे नाही. हे वचन ज्यांस मिळाले त्यांच्यापाशी मोबदला म्हणून देण्यास काहीही उरले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. पुढे येशूने अखेरच्या भोजनसमयी पेला हाती घेऊन नव्या कराराचे नाव घेतले, असे लूक व पौल सांगतात. आणि तेव्हापासून ख्रिस्ती लोक ते वचन येशूच्या ठायी पुरे झाले असे मानितात. यहुदी लोक ते आपल्या राष्ट्राशीच केलेले समजतात, हेही येथे नमूद करणे न्यायाचे आहे.

ह्या कराराचे स्वरूप कायद्याच्या भाषेत कसे सांगावे, ही अडचण आम्हांसच प्रथम पडलेली नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, तेव्हा उभय पक्षांच्या समान कराराकरिता ग्रीक भाषेत ‘सिन्थेके’ हा शब्द तयार होता. भाषांतरकारांनी तो सोडून ‘दियाथेके’ हा शब्द घेतला. लौकिक व्यवहारात त्याचा नेहमीचा अर्थ मृत्युपत्र असा होता, आणि नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ह्या अर्थाचाच आधार घेऊन युक्तिवाद केलेला आहे. मृत्युपत्र एकाच्या इच्छेने होते, वारसाशी घासाघीस करून होत नाही. मात्र वारसाने ते स्वीकारल्याखेरीज मिळकत त्याच्या उपयोगी पडत नाही. ख्रिस्ती लोकांची क्षमेविषयीची कल्पना हुबेहूब अशी आहे. देणे एकतर्फी आहे, पण त्यातून निघणारे नाते दुतर्फी आहे.

आमच्या कायद्यातही ह्याच्याशी जुळणारी एक गोष्ट आहे. सन 1872 च्या करारांच्या कायद्याप्रमाणे मोबदल्यावाचून केलेला करार काही अपवाद सोडल्यास रद्द समजला जातो. तथापि त्याच कायद्याच्या 63 व्या कलमान्वये ज्यास येणे आहे तो ते अंशतः किंवा सर्वस्वी सोडू शकतो, आणि त्याकरिता त्यास मोबदला मिळाला पाहिजे असे नाही. इंग्लंडात सन 1884 मध्ये फोक्स विरुद्ध बियर ह्या मुकदम्यात लॉर्डांच्या सभेने याच्या उलट ठरविले: थोडे घेऊन बाकीचे सोडण्याचे नुसते वचन धनकोस बांधीत नाही. म्हणजे ह्या एका बाबतीत हिंदुस्थानचा कायदा विलायतेच्या कायद्याहून अधिक उदार आहे. परंतु सोडण्याचा हा अधिकार धनकोचा आहे. ऋणकोने आपल्याच वहीतील खाते आपल्याच हाताने पुसले, तर त्यास कोणतेही न्यायालय सूट म्हणणार नाही. वाचकांनी हा मुद्दा मनात धरून ठेवावा; पुढे त्याचेच काम पडणार आहे.

नात्याचा भाग लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात फार स्पष्ट झाला आहे. बाप जिवंत असता धाकट्याने आपला वाटा मागून घेतला व परदेशी जाऊन उडविला. उपासमार झाली तेव्हा त्याने परत येण्याचे ठरविले व वाटेत बोलावयाचे भाषण जुळवून ठेविले. त्यात मला आपल्या चाकरांपैकी एक करा अशी विनंती होती. ही नोकरीच्या कराराची सूचना होय. काम करीन, मजुरी घेईन, आणि नाते गेले ते गेले असे समजेन. बाप त्यास दुरून पाहून धावत सुटला, आणि चाकरीचे वाक्य मुलाच्या तोंडून निघण्यापूर्वीच त्याने अंगरखा, अंगठी व जोडा आणण्यास सांगितले. थोरला मुलगा हिशेबी होता. इतकी वर्षे राबलो, आणि मला कधी एक करडूही मिळाले नाही, अशी त्याची तक्रार. त्याच्या खात्यात चूक काढिता येणार नाही. पण तोही आपणास पुत्र न समजता चाकरच समजत होता. तो शेवटी घरात गेला की नाही हे येशूने सांगितलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की, क्षमा अशी फुकट मिळू लागली तर पापास धरबंद राहणार नाही. ह्या आक्षेपास भिऊन, किंवा त्याचे निमित्त करून, धर्माधिकाऱ्यांनी क्षमेवर दर बसविले, असा इतिहासाचा दाखला आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी रोम येथील सेंट पीटरच्या मंदिराच्या बांधकामाकरिता जर्मनीत पापदंडाची सूट देणारी पत्रे पैसे घेऊन वाटली जात होती. शास्त्रार्थाप्रमाणे ही सूट पापाच्या ऐहिक दंडापुरती होती. पण लोकांस तारण विकत मिळते असेच वाटू लागले. सन 1517 च्या ऑक्टोबरात विटेनबर्ग येथील प्राध्यापक मार्टिन लूथर याने ह्या व्यापाराविरुद्ध पंचाण्णव कलमे मांडिली. त्यांतील पहिल्याच कलमाचा आशय असा की, श्रद्धावंताचे सर्व आयुष्यच पश्चात्तापाचे असले पाहिजे. अखेरीस पोप पाचवा पायस याने सन 1567 मध्ये पैशाच्या मोबदल्यात अशी सूट देणे बंद केले. हे वाचून आमच्या लोकांनी हसण्याचे कारण नाही. पुण्यात सन 1890 मध्ये पंचहौद मिशनात चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य झाले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषास प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाच्या पेल्याने कोणाचे काही नुकसान झाले नव्हते. पण तुटलेला पंक्तिव्यवहार विधीवाचून जुळत नव्हता. नाते परत देण्याची किल्ली एकदा मध्यस्थाच्या हाती गेली, म्हणजे तो तिचे भाडे घेऊ लागतो, मग त्याचा धर्म कोणताही असो.

तथापि आक्षेपात तथ्य आहे, आणि ते ख्रिस्ती विचारवंतांनीच सर्वांत कठोर शब्दांत मांडिले आहे. जर्मनीत हिटलरचा अंमल चालू असता डीट्रिख बोनहोफर ह्या तरुण पाद्र्याने सन 1937 च्या आपल्या ग्रंथात स्वस्त कृपेवर हल्ला चढविला. पश्चात्तापावाचून क्षमा वाटणारी मंडळी धर्माचा नाश करिते, असे त्याचे प्रतिपादन होते. हिटलरविरुद्धच्या कटात त्याचा संबंध होता आणि सन 1945 च्या एप्रिलात त्यास फाशी दिले गेले. लूकच्याच ग्रंथात जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराची कथा आहे. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरला, ही क्षमा आधी झाली. मग जक्कयाने उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचे व ज्यास लुबाडले असेल त्यास चौपट परत करण्याचे कबूल केले. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे, तिचा परिणाम होय. पण जेथे परिणाम दिसत नाही तेथे कारण घडले असे मानण्यास आम्ही तरी तयार नाही.

आता धनकोच्या अधिकाराच्या मुद्द्याकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने असे शिकविले आहे की, वेदीपाशी अर्पण आणिले असता कोणाचे आपल्याविरुद्ध काही गाऱ्हाणे आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, प्रथम त्याच्याशी समेट करावा व मग परत यावे. म्हणजे ज्याचा अपराध केला त्यास टाळून परस्पर ईश्वराशी खाते मिटविण्याची सोय ह्या करारात नाही. सन 1999 च्या जानेवारीत ओरिसातील मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स हे कुष्ठसेवक व त्यांचे दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे मोटारीत जिवंत जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांस क्षमा केल्याचे जाहीर केले आणि पुढेही काही वर्षे बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा चालविली. तो शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांचा होता. सरकारचा नव्हता, शेजाऱ्यांचा नव्हता आणि मारणाऱ्यांच्या कैवाऱ्यांचा तर नव्हताच. त्यांनी क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही, व थांबावयासही नको होता. सन 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमा ही त्यांनी स्वतःच्या मनापुरती द्वेषाची नाकेबंदी होती. शिक्षा हे सर्व प्रजेच्या रक्षणाचे काम होते.

एका राष्ट्राने ही परीक्षा दिली ती दक्षिण आफ्रिकेची. सन 1985 मध्ये तेथील वर्णद्वेषी राज्य जोरात असता काही ख्रिस्ती धर्मपंडितांनी ‘कैरोस’ नावाचे पत्रक काढून, न्यायावाचून समेटाचा उपदेश करणाऱ्या चर्चचा निषेध केला. पुढे राज्य बदलले, आणि सन 1995 च्या कायद्याने सत्य व समेट आयोग निघाला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण हकीकत जो सांगेल त्यासच माफी, असा नियम होता. सात हजारांवर अर्ज आले व त्यांतील बहुतेक फेटाळले गेले. वीस हजारांहून अधिक पीडितांनी आपली कैफियत दिली. ह्यामुळे सूडाचा वणवा टळला, हे श्रेय आयोगास दिलेच पाहिजे. परंतु आयोगाने सुचविलेली भरपाई सरकारने कमी केली, आणि सन 2003 मध्ये पीडितांस एकरकमी तीस हजार रँड देण्याचे ठरले. ज्यांनी सर्वस्व गमाविले त्यांनी क्षमेचा आपला वाटा उचलला; ज्यांनी त्या राज्यात जमिनी व खाणी मिळविल्या त्यांचा वाटा उचलावयाचा राहिला, अशी तेथील पुष्कळांची तक्रार आजही आहे.

आमच्या देशातील चर्चलाही ह्या वचनाच्या कसोटीस उतरावे लागेल. दलित ख्रिस्ती बांधवांस चर्चमध्येही अस्पृश्यता भोगावी लागते, हे कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने सन 2016 च्या आपल्या धोरणपत्रात कबूल केले आहे. प्रभूच्या मेजाभोवती एक व्हावयाचे आणि दफनभूमीत निराळे व्हावयाचे, ह्यास नवा करार म्हणता येत नाही. पण हा दगड आम्हां इतरांच्या अंगणातही तितकाच जड आहे. पाणवठा, देऊळ व शाळा ज्यांस नाकारिली, त्यांच्या वंशजांस आमच्यातील सुशिक्षित गृहस्थ सांगत असतात की, झाले गेले विसरून जा. हा उपदेश करणारा स्वतः ऋणको आहे, आणि तो धनकोच्या वतीने वहीवर काट मारीत आहे.

ख्रिस्ती धर्म स्वीकारावा की न स्वीकारावा हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे व तो आमच्या आजच्या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु त्याच्या ह्या वचनात प्रत्येक धर्माच्या मनुष्याने घेण्याजोगे दोन उपदेश आहेत. ज्याचा अपराध झाला त्याने, शक्य होईल तेव्हा व स्वतःच्या खुशीने, नात्याचा दरवाजा उघडा ठेवावा. कारण तो कायमचा बंद केला तर पुढच्या पिढीसही त्याच उंबऱ्यावर भांडत बसावे लागते. आणि ज्याने अपराध केला त्याने क्षमा मागण्यास जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, सत्य व परतफेड बरोबर न्यावी, आणि उत्तर मिळेपर्यंत बाहेर उभे राहण्याची तयारी ठेवावी. ह्यांपैकी पहिल्या उपदेशाची प्रवचने आपल्याकडे पुष्कळ होतात. दुसऱ्याची होऊ लागतील तेव्हा समेटाची भाषा बोलण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.