बादल्या आपणच का लावायच्या?

पावसाळा तोंडावर आला की चाळीतल्या बाया पत्र्यावर ताडपत्री ओढतात, भेगांत सिमेंट भरतात. पुढे चार महिने रात्री-बेरात्री उठून गळतीखाली बादल्या लावतात. घरमालक मात्र भाड्याच्या तारखेलाच उगवतो! या राबण्याला आपण घरकाम म्हणतो. ते घरकाम नव्हे, मालकाने टाळलेलं काम आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ स्पष्ट आहे. करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. नोटीस मिळूनही किमान १५ दिवसांच्या वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

मग अडतं कुठे? भाडेपावती नवऱ्याच्या नावावर असते आणि तो म्हणतो, "मालकाशी वाकडं कशाला?" ओल्या भिंतीशी तापलेलं पोर घेऊन बसणारीला कुणी विचारतच नाही.

मैत्रिणींनो, एप्रिलमध्येच बैठक घ्या. गळक्या खोल्यांची यादी करा. पावती ज्याच्या नावावर, त्याची सही घ्या. सगळ्यांच्या नोटिसा एकाच दिवशी पाठवा, पोच जपून ठेवा. सोसणं पुष्कळ झालं!