चुकणारी जीभ व चुकणारा हात

वक्तृत्व ही उपजत देणगी आहे, ती ज्यास लाभली नाहीं त्यानें मुकाट्यानें मागच्या बाकावर बसावें, अशी एक समजूत शाळांतून रूढ झालेली दिसते. संमेलनाचे दिवस जवळ आले कीं तींच चार मुलें व्यासपीठावर उभीं राहतात आणि बाकीचीं टाळ्या वाजवितात. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. आणि आमचा आधार मेंदूविषयींच्या शास्त्राचा आहे.

प्रथम हाताचें उदाहरण घेऊं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत एक साधा प्रयोग वर्णिला. डोळ्यांपुढें लोलकाच्या कांचा धरल्या म्हणजे सर्व वस्तू एका बाजूस सरकलेल्या दिसतात. अशा वेळीं समोरच्या वस्तूस बोट लावूं गेल्यास तें बाजूलाच पडतें. परंतु कांहीं वेळां चुकल्यावर बोट नेमकें लागूं लागतें. खरी मौज पुढेंच आहे. कांचा काढून टाकल्या कीं तोच मनुष्य उलट दिशेस चुकतो! म्हणजे पहिल्या चुका वायां गेल्या नव्हत्या. त्यांच्या मापानें मेंदूनें हाताला द्यावयाची आज्ञाच बदलून टाकली होती. डोक्याच्या मागील बाजूस जो लहान मेंदू असतो, त्यास इजा झालेल्या अनेक रोग्यांना ही सुधारणा साधत नाहीं.

जिभेचेंही असेंच आहे. १९९८ सालीं हाउड व जॉर्डन या संशोधकांनीं कांहीं माणसांस हेडफोन लावून शब्द कुजबुजत उच्चारावयास सांगितले. त्यांचा आवाज यंत्रांतून त्यांच्याच कानीं जाई. पण वाटेंत यंत्र त्यांतील स्वर हळूहळू बदलीत असे. उच्चारावा एक स्वर आणि ऐकूं यावा त्याचा शेजारी, असा तो प्रकार. प्रयोग चालला असतां बोलणाऱ्यांचे उच्चार उलट बाजूस झुकूं लागले. पुढें गोंगाटानें त्यांचा आवाज त्यांनाच ऐकूं येईनासा केला, तरी तो बदल टिकून राहिला.

मात्र चूक स्वतःची असावी लागते. १९६३ सालीं हेल्ड व हाइन यांनीं मधोमध फिरणाऱ्या दांडीच्या एका टोकास मांजराचें एक पिल्लूं बांधलें व दुसऱ्या टोकाच्या टोपलींत दुसरें बसविलें. पहिलें आपल्या पायांनीं चाले, दुसरें त्याच्यामागें आयतें फिरे. दोघांस दिसे तें सारखेंच; एरवीं दोघांस अंधारांत ठेवीत. नंतर मेजाकडे खालीं नेलें असतां चालणारें पिल्लूं पाय टेकण्यासाठीं पुढें करी; टोपलींतल्यास तें उमगेना. मोकळें फिरूं दिल्यावर मात्र त्यालाही तें साधलें.

आमच्या वर्गांतील टाळ्या वाजविणारीं मुलें याच टोपलींत बसलेलीं नाहींत काय? त्यांनीं भाषणें पुष्कळ ऐकलीं, पण आपला अडखळलेला शब्द आपल्याच कानांनीं ऐकण्याचा प्रसंग त्यांच्यावर येऊं दिला नाहीं. एखादा धीर करून उठला तर वर्ग हंसतो. तो पुन्हा उठत नाहीं. मग मेंदूस सुधारावयास कांहीं उरतच नाहीं. कित्येक शिक्षकही अर्ध्या वाक्यांतच उच्चार दुरुस्त करतात; त्यांचा हेतु चांगला असला तरी मुलास स्वतःची चूक ओळखावयास अवसर राहत नाहीं. (अडखळत बोलण्याचा जो विकार असतो त्याची गोष्ट निराळी, तो सरावाच्या अभावानें जडत नाहीं, आणि त्यास जाणत्याचेंच साहाय्य हवें.)

कोणी म्हणेल, अभ्यासक्रमांत यास वेळ कोठें आहे? ४० मुलांच्या वर्गांत प्रत्येकास आठवड्यास २ मिनिटें दिलीं तर ८० मिनिटें होतात, म्हणजे सुमारें दोन तासिका. व्याकरणाच्या तासिकांतून तेवढ्या खुशाल काढाव्या, आणि त्या वेळीं पहिल्यानें मागच्या बाकावरील मुलांस उभें करावें.