गृहस्थाश्रमाचा जमाखर्च : पगाराचा आंकडा आणि संसाराचा हिशेब

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक जोडशब्द आहे. जें आपणांजवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. हल्लीं घरोघर मुलांच्या नोकऱ्यांच्या गोष्टी चालतात, त्यांत योगाचीच तेवढी चौकशी होते. क्षेमाचें नांव कोणी काढीत नाहीं. “चिरंजीव पुण्यास आयटींत आहेत, पॅकेज अमुक” एवढें म्हटलें कीं ऐकणाराची मान डोलते. तेंच “चिरंजीव कोल्हापुरांतच आयटींत आहेत” असें म्हटलें कीं ऐकणारा क्षणभर थांबतो आणि मग “बरें आहे, घरचें खाऊन असतात” असें सांत्वनाच्या सुरांत बोलतो. ह्या दोन उत्तरांतील अंतर खरोखर किती आहे, हें कागद-पेन्सिल घेऊन पाहावें असा ह्या महिन्याचा आमचा विचार आहे. एका वाचकांनीं तर सरळच विचारलें आहे कीं, मुलास बाहेर धाडावें कीं घरीं ठेवावें, तें एका शब्दांत सांगा. एका शब्दांत सांगतां आलें असतें तर ह्या सदराची जरूरच पडली नसती.

प्रथम हें काम पुण्या-बंगळुरांतच कां सांचलें तें पाहूं. इन्फोसिस ही कंपनी १९८१ सालीं पुण्यांत निघाली आणि १९८३ सालीं तिनें आपलें ठाणें बंगळुरास हलविलें. १९८५ सालीं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळुरांत आली. पुण्यांत १९९० सालीं पर्सिस्टंट निघाली. आणि त्याच सुमारास केंद्र सरकारनें सॉफ्टवेअरच्या निर्यातीसाठीं जीं पहिलीं टेक्नॉलॉजी पार्कें स्थापिलीं, त्यांत बंगळूर, पुणें व भुवनेश्वर हीं गांवें होतीं. पुढें हिंजवडीचें राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभें राहिलें, मगरपट्टा व खराडी भरून गेली. आमच्या गुजरींत सराफांचीं दुकानें एकास एक लागून आहेत. नवा सराफ दूरच्या पेठेंत दुकान न मांडतां तेथेंच जागा शोधतो, कारण गिऱ्हाईक तेथें येतें आणि कारागीरहि तेथेंच मिळतो. आयटीचें तसेंच आहे. हिंजवडींतील मुलानें एक नोकरी सोडली तर बिऱ्हाड न हलवितां त्यास दुसरी मिळण्याचा संभव असतो. कोल्हापुरांत चार-दोन लहान कंपन्यांपैकीं एकीचें काम थांबलें, तर त्या मुलास बहुधा गांवच सोडावा लागतो.

कोल्हापुरांत बुद्धीची वानवा आहे असें मात्र कोणी समजूं नये. सांगलीचें वालचंद महाविद्यालय १९४७ चें. शिवाजी विद्यापीठ १९६२ चें. येथील केआयटी १९८३ चें आणि कसबा बावड्याचें डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ चें. उद्यमनगरच्या कारागिरांनीं ऑइल इंजिनें घडविलीं. शिरोली आणि गोकुळ शिरगांवच्या फाउंड्र्यांतील ओतीव काम दूरवर जातें. परंतु संगणकाच्या बाबतींत शिकविणें येथें आणि वापरणें तेथें, अशी विभागणी होऊन बसली आहे. आपलें दूधहि पुण्या-मुंबईस जातें. पण दुधाचे पैसे येथें परत येतात, मुलें येतीलच असें नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. मोठ्या सेवा-कंपन्या नवख्या पदवीधरास वर्षाला तीन ते चार लाख देऊं करतात, आणि हा आंकडा दहा वर्षांहून अधिक काळ फारसा हललेला नाहीं. आपण तीन लाख साठ हजार धरूं; म्हणजे महिन्याला ३०,००० रुपये. पण ‘पॅकेज’ म्हणजे पगार नव्हे. मूळ वेतन निम्मे, म्हणजे १५,००० धरिलें, तर त्यावर कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधि १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. मुलाच्या वाट्याचे तितकेच. ग्रॅच्युइटीपोटीं सुमारें ७२०. आणि व्यवसाय-कर २०० रुपये. हातांत पडतात सुमारें साडेपंचवीस हजार. निधीचे पैसे बुडत नाहींत, ते त्याचेच आहेत. पण महिन्याच्या किराणा-भाड्यास ते उपयोगीं पडत नाहींत. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरास सामान्यतः पांच वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं, आणि ह्या धंद्यांत पांच वर्षें एका जागीं राहणारा मुलगा विरळा.

पुढील खर्चाचे आंकडे मासल्यादाखल आम्हीं धरिलेले आहेत. वाचकांनीं आपल्या घरचे घालून पाहावे. पुण्यांत चौघांच्या खोलींत एक कॉट ८,०००, मेस व नाश्ता ५,०००, जाणें-येणें २,०००, फोन, धुणें, औषध, कपडे मिळून २,५००, आणि महिन्यांतून दोनदां कोल्हापूरची फेरी २,०००. एकूण १९,५००. शिल्लक सहा हजार. आतां कोल्हापुरांत राहिलेल्या मुलास महिना २०,००० चें पॅकेज मिळालें असें धरूं. तशाच कपाती जाऊन हातांत सतरा हजार येतात. त्यानें घरांत ५,००० दिले, पेट्रोलास १,५०० व किरकोळीस २,५०० लागले, तर ८,००० उरतात. म्हणजे पहिल्या वर्षीं, ज्यास आपण मागें राहिलेला म्हणतों तोच दोन हजारांनीं पुढें असतो! येथेंच वही मिटणारे पुष्कळ आईबाप आम्हीं पाहिले आहेत.

परंतु वही मिटण्याची ही वेळ नव्हे. पुण्याच्या मुलाचा पगार नोकऱ्या बदलीत दरसाल सरासरी १५ टक्क्यांनीं वाढला आणि कोल्हापूरच्याचा ७ टक्क्यांनीं, असें धरा. पांच वाढींनंतर पहिल्याचें पॅकेज महिना साठ हजारांवर जातें, दुसऱ्याचें अठ्ठावीस हजारांपर्यंत. पुण्याचा खर्च दरसाल ८ टक्के वाढला तरी तो एकोणतीस हजारांच्या आंतच राहतो. पहिल्या वर्षाचें चित्र अशा रीतीनें सहाव्या वर्षीं उलटें होतें. पुण्याचा खरा लाभ पहिल्या पगारांत नसून पुढच्या दरवाजांत आहे. हे दरवाजे जो मुलगा ठोठावणार नाहीं, एकाच खुर्चींत बसून राहील, त्यानें पुण्याचें भाडें व्यर्थ भरलें असें समजावें.

तिसरा टप्पा लग्नानंतरचा. कॉट सुटते आणि दोन खोल्यांचें बिऱ्हाड येतें. मूल झालें कीं पाळणाघर येतें, शाळेची फी येते, आणि साठ हजारांतील वाढ पाहतां पाहतां जिरते. येथें सरकारचा एक हिशेब लक्षांत घेण्यासारखा आहे. केंद्र सरकार आपल्या नोकरांस घरभाडें-भत्ता देतांना पन्नास लाखांवरील वस्तीचीं शहरें, पांच ते पन्नास लाखांचीं, व त्याखालचीं असे तीन वर्ग करतें. पुणें व बंगळूर पहिल्या वर्गांत येतात, कोल्हापूर दुसऱ्यांत. जानेवारी २०२४ पासून हा भत्ता मूळ पगाराच्या अनुक्रमें ३०, २० व १० टक्के झाला. महागाई-भत्ता मात्र सर्वत्र एकच ठेवलेला आहे. ह्याचा अर्थ असा कीं, तूरडाळ व गोडेतेल दोन्ही गांवीं जवळजवळ सारखेंच पडतें. फरक आहे तो छपराचा आणि त्या छपरापासून कचेरीपर्यंतच्या वाटेचा.

बंगळुराची गोष्ट आणखी निराळी. तेथें घरमालकास दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत देण्याची जुनी रूढि आहे. पुण्यांत बहुधा दोन-तीन महिन्यांवर भागतें. वीस हजारांचें घर घेणाऱ्या जोडप्यास बंगळुरांत पाय ठेवण्यापूर्वींच दोन लाख गुंतवावे लागतात, तेहि बिनव्याजी. २०२४ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांतील पाण्याची टंचाई सर्वांनीं वाचलीच असेल. पुणें कोल्हापुराहून सुमारें २३० किलोमीटर. शनिवारीं निघून रविवारीं रात्रीं परततां येतें. बंगळूर सहाशेंच्या पुढें. वडिलांच्या छातींत मध्यरात्रीं कळ आली तर ह्या दोन अंतरांचा अर्थ काय होतो, हें कोणत्याहि पॅकेजांत लिहिलेलें नसतें.

आतां एका गोष्टीकडे आम्हांस विशेष लक्ष वेधावयाचें आहे. वरील हिशेबांत कोल्हापूरच्या मुलानें घरांत पांच हजार दिले आणि त्याचें सर्व भागलें. तें कसें भागलें? पहाटेचा डबा, दोन वेळचा स्वयंपाक, धुणीं, आल्यागेल्याचें, आजारांत उशाशीं बसणें, हें सारें कोणी तरी केलें. पुण्यांत ह्यांतील प्रत्येक कामाचें बिल येतें. कोल्हापुरांत तें आईच्या आणि वहिनीच्या अंगावरून जातें. ‘कोल्हापूर स्वस्त आहे’ ह्या वाक्याचा पुष्कळसा भाग एवढाच आहे कीं, घरांतील बायकांच्या कामाचें बिल कोणी करीत नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदींत मुलें लॅपटॉप घेऊन घरीं परतलीं, तेव्हां पुण्याचा पगार आणि कोल्हापूरची भाकरी असा दुहेरी लाभ झाल्याचें कौतुक झालें. भाकरी थापणारीस त्या लाभांतील वांटा मिळाला काय, हें कोणीं विचारिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. २०२३ पासून अनेक कंपन्यांनीं लोकांस पुनः कचेरींत बोलाविलें आणि तो प्रश्न न सुटतांच बाजूस पडला.

तोच प्रश्न सुनेच्या रूपानें पुनः उभा राहतो. आज मुलाइतकीच शिकलेली, तितकेंच मिळविणारी सून घरांत येते. वडील म्हणतात, “थोडा कमी पगार घे, पण घरीं ये.” मुलाचा पगार तिसऱ्या हिश्शानें घटला तरी चालेल असा त्यांचा हिशेब असतो. परंतु कोल्हापुरांत त्याच्या जोगी एक नोकरी मिळाली, तरी तिच्या जोगी दुसरी मिळेलच असें नाहीं. आणि मग घटतो तो तिसरा हिस्सा नव्हे, तर तिचा पगार सबंध जातो. दोन मिळकतींच्या संसारास दोन दरवाजांची पेठ लागते.

स्वस्ताई एकटी माणसांस ओढूं शकत नाहीं, ह्याचें प्रत्यंतर आपल्याच हमरस्त्यावर आहे. इन्फोसिसचें एक मोठें आवार हुबळीस आहे. २०२४ सालीं तेथें बदलून जाणाऱ्या नोकरांस त्या कंपनीनें हुद्द्याप्रमाणें सव्वा लाखापासून आठ लाखांपर्यंत उत्तेजनार्थ रक्कम देऊं केली. हुबळी बंगळुराहून स्वस्त, हें काय त्या नोकरांस ठाऊक नव्हतें? पण ही नोकरी सुटली तर पुढें काय, ही धास्ती स्वस्ताईहून बलवत्तर ठरते. आणि धास्ती अगदींच खोटी नाहीं. २०२५ सालीं टीसीएससारख्या कंपनीनें सुमारें बारा हजार लोक कमी करण्याचें जाहीर केलें, तेव्हां मोठ्या नांवाची सावलीहि कायमची नसते, हें सर्वांस कळून आलें.

तर मग आडगांवीं धंदा येतच नाहीं काय? येतो, पण तो आणणारा माणूस लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगांवांतील जागा सोडावी लागली, तेव्हां औंधच्या राजेसाहेबांनीं कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली. त्यांनीं कामगारांस तेथें नुसतें बोलाविलें नाहीं. काम, घर व शेजार हीं तिन्ही एकदम उभीं केलीं. शेंडा पार्कच्या जागेवर आयटी पार्क व्हावें, ही कोल्हापूरकरांची मागणी रास्त आहे. मात्र इमारत म्हणजे पेठ नव्हे. जीं मुलें दहा वर्षें बाहेर राहून कसब आणि गिऱ्हाईक दोन्ही घेऊन परततील, तींच येथें दुसऱ्यांस नोकरी देतील. केवळ घरची आठवण येते म्हणून परतलेला मुलगा आणखी एक अर्जदार होतो.

म्हणून आमचें सांगणें असें. मुलांस व मुलींस आरंभींचीं पांच-सहा वर्षें बाहेर जाऊं द्यावें, आणि पहिल्या वर्षीं पैसे उरले नाहींत म्हणून त्यांस टोचूं नये. त्या वर्षांत शेत किंवा राहता वाडा विकून पुण्यांत फ्लॅट घेण्याची घाई करूं नये. ज्याची नोकरी दोन वर्षांनीं बदलावयाची, त्याचें घर वीस वर्षांच्या हप्त्यास बांधून ठेवणें शहाणपणाचें नव्हे. मुलांनींहि आपल्या मिळकतींतून वडीलमाणसांच्या आरोग्यविम्याची आणि घरांत एका मदतनीस बाईची तजवीज आधीं करावी, मोटार नंतर. आणि ज्यांनीं घरीं राहण्याचें ठरविलें असेल, त्यांनीं घरांत द्यावयाची रक्कम मेसच्या दरानें न ठरवितां, आईच्या श्रमाच्या दरानें ठरवावी.

मुलें सहा-सात वर्षांचीं अनुभवी झालीं, म्हणजे एका सुटींत सर्वांनीं एकत्र बसून हा हिशेब पुनः मांडावा. त्यांत भाडें असावें, वाटेंत जाणारे तास असावेत, आजीच्या गुडघ्यांचें दुखणें असावें, आणि सुनेच्या नोकरीचा स्वतंत्र रकाना असावा. योग किती झाला आणि क्षेम कोठें गळतो, तें तेव्हां आपोआप दिसेल. बेरीज वडिलांनीं करावी. आंकडे मात्र ज्यांना त्या घरांत राबावयाचें आहे, त्यांनीं घालावेत.

घरासाठीं काढावयाच्या कर्जाचा विचार पुढील महिन्यांत करूं.