दलाल कोणाचा, हे प्लॉट दाखवण्याआधीच कळू द्या

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो वर्धा जिल्ह्यातल्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. रस्ता आला की लेआऊट पडतात, लेआऊट पडले की दलाल येतो. निवृत्त शिक्षक त्याच्या गाडीत बसून प्लॉट पाहतो, भावात घासाघीस त्यालाच करायला सांगतो आणि आपण किती रकमेपर्यंत जाऊ शकतो, हेही विश्वासाने सांगून टाकतो. दलाली मात्र विकणाराही देणार असतो. खरेदीदाराला हे कळते तोवर इसार देऊन झालेला असतो.

२०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याने दलालाला नोंदणी सक्तीची केली. नोंदणी नसेल तर रोज दहा हजार रुपये दंड, तोही मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. खोटी माहिती देऊ नका, कागदपत्रे दाखवा, हिशेब ठेवा, असे कलम १० सांगते. पण ‘मी कोणाच्या बाजूने बोलतो आहे’ हे दलालाने कधी सांगायचे, याबद्दल ते कलम गप्प आहे. मोठीच उणीव आहे ही.

१८७२ चा करार कायदा या बाबतीत अधिक कडक निघतो. शेतकऱ्याने जमीन विकायला सांगितली आणि दलालाने ती दुसऱ्याच्या नावावर स्वतःच घेतली, तर कलम २१५ नुसार शेतकरी तो व्यवहार नाकारू शकतो. पण लबाडी शोधायची त्यानेच, आणि कोर्टात जायचेही त्यानेच.

कॅलिफोर्नियात १९८८ पासून दलालाला आपली बाजू लेखी सांगावी लागते. अमेरिकेतल्या रिअल्टर संघटनेच्या नियमानुसार १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार होतो आणि मोबदला किती, हे त्यात लिहिलेले असते.

महाराष्ट्रालाही हे अवघड नाही. राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३ मध्ये दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. त्यातच मराठीतला एक पानी नमुना जोडावा. दलाल कोणाचा, पैसे कोणाकडून आणि किती, जमिनीत त्याचा किंवा नातेवाइकाचा हिस्सा आहे का, एवढेच त्यात असावे. सही पहिल्या भेटीत व्हावी, दुय्यम निबंधकाच्या दारात नव्हे.

जुन्या घरांची पुनर्विक्री मात्र रेराच्या नोंदणीबाहेर राहते. तिच्यासाठी वेगळी तरतूद लागेल. हिवाळी अधिवेशन शेजारी नागपुरात भरते; वर्धा जिल्ह्यातल्या आमदारांनी हा विषय तिथे मांडावा.