साठ मीटरची सरळ पट्टी

शिवडीत ४०० मीटरचा ट्रॅक बांधायचा म्हटला तर जागा कुठे आहे? आठ मार्गिकांच्या प्रमाणित ट्रॅकला साधारण १७७ मीटर लांब आणि ९२ मीटर रुंद, म्हणजे १६ हजार चौरस मीटरहून अधिक सपाट जमीन लागते. एका बाजूला बंदराची गोदामे, मध्ये हार्बरचे रूळ, उरलेल्या जागेत चाळी, इमारती आणि रस्त्यावर उभी वाहने. इथल्या मुलाला किंवा मुलीला ट्रॅकवर धावायचे असेल तर मरीन लाइन्सचे विद्यापीठाचे मैदान किंवा नेपियन सी रोडचे प्रियदर्शिनी पार्क गाठावे लागते. शाळा, क्लास आणि लोकलची गर्दी सांभाळून हे आठवड्यातून चार दिवस किती जणांना जमणार? मग ‘मैदानच नाही, तर मुले धावणार कुठे?’ असे म्हणून आपण विषय संपवतो.

तो तिथे संपू नये, असे मला वाटते. धावण्याच्या जगात अशी काही अंतरे आहेत जी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र शर्यत म्हणून धावली जात नाहीत, तरीही जगातले सर्वांत वेगवान धावपटू ती आवर्जून धावतात. ६० मीटर, १५० मीटर, ३०० मीटर. या अंतरांवर नोंदल्या गेलेल्या वेळा शरीराबद्दल बरेच काही सांगतात. आणि त्यांतले पहिले अंतर तर जागेच्या टंचाईतूनच रुळले आहे.

युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात बाहेर धावणे अवघड, म्हणून स्पर्धा बंदिस्त सभागृहांत होऊ लागल्या. सभागृहात १०० मीटरची सरळ धाव आणि पुढे थांबायला जागा मिळणे कठीण. मग शर्यत आखूड झाली आणि ६० मीटर हे अंतर रूढ झाले. आज या अंतराला अधिकृत जागतिक विक्रम आहे. अमेरिकेच्या ख्रिश्चन कोलमनने फेब्रुवारी २०१८ मध्ये ते ६.३४ सेकंदांत पार केले. त्याआधी मॉरिस ग्रीनचा ६.३९ सेकंदांचा विक्रम १९९८ पासून टिकून होता. पाच शतांश सेकंद कमी करायला वीस वर्षे गेली!

महाराष्ट्राचे नावही या आखूड अंतराशी जोडलेले आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील देवगाव रंगारीच्या तेजस शिरसेने मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.४१ सेकंदांत धावून मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्याच हिवाळ्यात, २०२५ च्या सुरुवातीला, तो फ्रान्सच्या इनडोअर स्पर्धांत ६० मीटर अडथळ्यांची शर्यत धावला आणि तो राष्ट्रीय विक्रमही त्याने ७.७ सेकंदांच्या आत नेला. दोन्ही शर्यतींत पहिला अडथळा १३.७२ मीटरवर असतो, अडथळ्यांमधले अंतर ९.१४ मीटर आणि उंचीही तीच. फरक एवढाच की ११० मीटरमध्ये दहा अडथळे, तर ६० मीटरमध्ये पाच. म्हणजे आखूड शर्यत ही मोठ्या शर्यतीचा पहिला निम्मा भाग. सुरुवात कुठे चुकते, पहिल्या अडथळ्यापर्यंत पावले नीट पडतात का, हे तिथे लपत नाही.

शरीराच्या दृष्टीने पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. स्नायूत एटीपी नावाची तयार ऊर्जा जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल इतकीच असते. ती संपत असताना क्रिएटिन फॉस्फेट हा साठा तिला पुन्हा भरतो. तोही पूर्ण जोराच्या धावेत काही सेकंदांतच ओसरू लागतो. ६० मीटरची शर्यत मुख्यतः याच साठ्यांवर धावली जाते. २००९ मध्ये बर्लिनला युसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावताना ६० मीटरचा टप्पा ६.३१ सेकंदांत ओलांडला होता. त्यापुढचे २० मीटर त्याने १.६१ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी सुमारे ४४.७ किलोमीटर वेगाने. शेवटच्या २० मीटरना १.६६ सेकंद लागले. जगातला सर्वांत वेगवान माणूसही ८० मीटरनंतर मंदावत होता. शेवटी जो ‘पुढे सटकला’ असे आपल्याला वाटते, तो प्रत्यक्षात इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो.

१५० मीटरची गोष्ट याच्या पुढची. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकनंतर १०० मीटरचा विजेता डोनोवन बेली आणि २०० मीटरचा विजेता मायकेल जॉन्सन यांच्यात खरा वेगवान कोण, यावर वाद रंगला. तो मिटवायला १ जून १९९७ रोजी टोरांटोत दोघांची १५० मीटरची शर्यत ठेवली गेली. मांडीचा स्नायू दुखावल्याने जॉन्सन मध्येच थांबला आणि बेलीने १४.९९ सेकंदांत शर्यत जिंकली. बारा वर्षांनी, मे २००९ मध्ये, मँचेस्टर शहरातल्या भर रस्त्यावर तात्पुरता सरळ ट्रॅक अंथरला गेला आणि बोल्टने १५० मीटर १४.३५ सेकंदांत पार केले. त्यातले शेवटचे १०० मीटर त्याने ८.७० सेकंदांत धावले. हा आकडा त्याच्या १०० मीटरच्या विक्रमापेक्षा इतका कमी कसा? कारण इथे तो आधीच वेगात होता. थांबलेल्या शरीराला वेग देण्यातच किती वेळ जातो, ते यातून कळते.

३०० मीटरवर शरीराची वेगळीच परीक्षा होते. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा केव्हाच ओसरलेला असतो. स्नायू साखर जाळून घाईने ऊर्जा काढतात, त्यात लॅक्टेट तयार होते आणि स्नायूतली आम्लता वाढते. पाय जड होतात, पावले आखूड पडतात. (दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक ॲसिडमुळे, हा समज मात्र चुकीचा आहे; लॅक्टेट तासाभरात निवळते.) या अंतराची सर्वोत्तम वेळ गेल्या पंचवीस वर्षांत थोडी थोडी खाली आली. मायकेल जॉन्सनने २००० मध्ये प्रिटोरियात ३०.८५ सेकंदांची वेळ दिली. २०१७ मध्ये ऑस्ट्रावात वेड व्हॅन निकर्कने ती ३०.८१ वर आणली, तर बोत्सवानाच्या लेत्सिले टेबोगोने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रिटोरियातच ३०.६९ वर. त्याच वर्षी टेबोगोने पॅरिसला २०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. प्रिटोरिया समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. तिथली विरळ हवा धावपटूला कमी अडवते, हे या वेळा वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

भारतीयांना हे अंतर वेगळ्या कारणाने ओळखीचे वाटावे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खासिंग यांचे कांस्यपदक सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकले. २५० मीटरच्या आसपास आपण वेग कमी केला ही चूक झाली, असे ते स्वतः पुढे सांगत. ४०० मीटरचा निकाल बहुधा २०० ते ३०० मीटरच्या पट्ट्यातच ठरतो. म्हणून ४०० मीटरचे धावपटू हंगामाची चाचपणी करायला ३०० मीटर धावतात. २०१९ मध्ये हिमा दास आणि मोहम्मद अनस यांनी चेक प्रजासत्ताकात या अंतराच्या शर्यती जिंकल्या होत्या.

आता शिवडीकडे परत येऊ. आपल्या शाळांच्या क्रीडादिनात १००, २०० आणि ४०० मीटरच्या शर्यती असतात, कारण मोठ्यांच्या स्पर्धांत त्या असतात. पण मूल म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ नव्हे. वयात येण्यापूर्वी साखर घाईने जाळून ऊर्जा काढण्याची स्नायूंची क्षमता कमी असते. त्यामुळे लांबलेली जोराची धाव मुलांना जड जाते. उलट काही सेकंदांची झेप, थोडी विश्रांती, पुन्हा झेप, हे त्यांना सहज जमते आणि त्यातून ती मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. चाळीच्या आवारात पकडापकडी खेळणारी पोरे हेच तर करत असतात! ‘फिट इंडिया’च्या शालेय चाचणीत चौथीपासून पुढे ५० मीटरची धाव ठेवली आहे, ती योग्यच आहे. पण चाचणी वर्षातून एकदा आणि सराव शून्य, तर त्या आकड्यातून काय हाती लागणार?

हाच मुलगा किंवा मुलगी पुढे पोलीस भरतीला उतरते. तिथे मैदानी परीक्षेच्या ५० गुणांपैकी १५ गुण १०० मीटर धावण्याला आहेत. उमेदवार १६०० मीटरचा सराव जीव तोडून करतात आणि १०० मीटर ‘होईल त्या दिवशी’ म्हणून सोडून देतात. पण वेग एका महिन्यात येत नाही. पाऊल कसे टाकायचे, गुडघा किती उचलायचा, हे लहानपणी अंगवळणी पडलेले असले तर पुढचे सोपे जाते.

मोठ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. मुंबईला लांब धावण्याचे आता चांगले वेड आहे. जानेवारीतली मॅरेथॉन २००४ पासून होते. २०२४ मध्ये तर शिवडीतून निघणाऱ्या अटल सेतूवरही लोक धावले. त्याचे फायदे निर्विवाद आहेत. पण वयाबरोबर आधी आणि जास्त झिजतात ते झटक्यात आकसणारे, वेगवान स्नायुतंतू. बस सुटताना चार पावले पळणे, घसरताना पाय पटकन पुढे टाकून स्वतःला सावरणे, हे त्यांचे काम. फक्त सावकाश चालून ते पुरेसे जागे राहत नाहीत. याचा अर्थ पन्नाशीच्या माणसाने उद्या सकाळी उठून ६० मीटर जीव खाऊन धावावे असा अजिबात नाही. तसे केल्यास मांडीमागचा स्नायू फाटण्याचीच शक्यता जास्त. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दोन मजले जिना जरा जोमाने चढणे, महिन्याभराने चढावर आठ-दहा सेकंद भरभर चालणे, अशा क्रमाने जावे. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ६० मीटरच्या पट्टीवर समाधान मानले तर पालिका आणि सरकार मैदानांची जबाबदारी झटकून मोकळे होतील. ही भीती खरी आहे. फुटबॉल, कबड्डी, खो-खोसाठी मोकळे मैदान हवेच, पट्टी हा त्याला पर्याय नाही. पण मैदान मिळेपर्यंत एक पिढी शाळा संपवून बाहेर पडते. दुसरा आक्षेप काँक्रीटचा. तोही बरोबर आहे. काँक्रीटवर रोजची जोराची धाव मुलांच्या नडगीला आणि टाचेला मानवत नाही; घट्ट बसवलेली माती किंवा रबरी थर हवा.

मग मागायचे काय? धावपट्टीची एक मार्गिका १.२२ मीटर रुंद असते. चार मार्गिकांना पाच मीटर रुंदी पुरते. ६० मीटर धाव, सुरुवातीला थोडी आणि शेवटी थांबायला पुरेशी जागा धरली तर लांबी ८० मीटर. एकूण ४०० चौरस मीटर, म्हणजे प्रमाणित ट्रॅकच्या चाळिसाव्या हिश्शाइतकी जागा. शिवडीच्या बीडीडी चाळींची जमीन बंदर प्राधिकरणाची असल्याने वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचे काम मार्गी लागले तरी इथला प्रश्न मागे राहिला. तो सुटेल तेव्हा आराखड्यात वाहनतळ असेल, उद्यान असेल, कदाचित जिमही असेल. त्याच आराखड्यात अशी एक सरळ पट्टी आताच लिहून घ्यायला हवी. बंदराच्या जमिनींच्या पुनर्विकासातही तीच मागणी करता येईल. तोपर्यंत रविवारी सकाळी दोन तास एखादा सरळ, कमी रहदारीचा रस्ता बंद ठेवून महिन्यातून एकदा मुलांच्या ६० मीटरच्या वेळा नोंदवता येतील. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवार सकाळी काही रस्ते लोकांसाठी मोकळे करून दाखवलेच होते.

रस्त्यावरची शर्यत एखाद-दुसरीच आणि थोड्या अंतराची असेल, तर काँक्रीटचा मुद्दा फार आड येऊ नये. लागेल तो एक फीत, चार खडूच्या रेषा, एक स्टॉपवॉच आणि दरवेळी त्याच वहीत नोंद करणारा एक माणूस. पुढच्या महिन्यात आपली वेळ दोन दशांशाने कमी झालेली मुलाने त्या वहीत पाहिली, की त्याला परत धावायला बोलवावे लागत नाही.