पापडातला वाटा

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे आपले वाडवडील सांगून गेले. नोकरीला या पंगतीत शेवटचे पान मिळाले, त्याचे कारण पगार थोडा हे नसावे. शेतकऱ्याच्या हाती तरी कोठे फार पडत होते? पण पाऊस पडला नाही, तर रात्री झोप शेतकऱ्याचीच उडते. नोकराला धन्याच्या तोट्याने झोप का उडावी? आणि ज्या धंद्यासाठी कोणाचीच झोप उडत नाही, तो किती दिवस टिकणार?

आज पानात डाव्या बाजूला जो पापड असेल, त्याच्याकडे वाचकांनी क्षणभर पाहावे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पाकिटे झाली चार. पुढे पावसाळा आला, वाळवण थांबले आणि चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह! पावसाचे कोडे सुटले. अशी युक्ती पगारी माणसालाही सुचते. पण सुचली, तरी ‘मला काय त्याचे?’ म्हणून तो ती गिळून टाकतो.

तीच आजची ‘लिज्जत’. तेथे लाटणारी बाई नोकर नाही. ती सभासद आहे, आणि तिला म्हणतात ‘बहीण’. मळलेले पीठ घरी न्यायचे, पापड आणून द्यायचे, वणाई घ्यायची. नफ्यातही वाटा आणि तोट्यातही. आज या बहिणी चाळीस हजारांहून अधिक आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पापड लाटणे हे काही मौजेचे काम नव्हे. मनगटे भरून येतात, आणि वणाईवर कोणी बंगले बांधले नाहीत. समाधान आणि सुख यांत हाच फरक आहे.

गिरगावाहून गिरणगाव फार लांब नाही. तेथे ‘बदली’ कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही. कोणी गैरहजर असेल, तर त्या दिवसापुरते काम. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा बदलीवाल्यांना कायम करा, हीही एक मागणी होती. गिरण्या बुडाल्या त्या एवढ्यामुळेच नव्हेत. जुनी यंत्रे होती, यंत्रमागांची स्पर्धा होती. पण वर्षानुवर्षे ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याने घर सावरायला धावावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

वाचकांपैकी काहींनी या आठवड्यात बोनस घेतला असेल, काहींनी दिला असेल. देणाऱ्यांनी तो जरूर द्यावा, हात आखडू नये. मात्र पाकीट हाती ठेवताना एक प्रश्नही विचारावा : ‘हे काम तुमच्या हाती असते, तर कसे केले असते?’ आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. एखादी खाट, एखादा स्टोव्ह त्यातूनच निघेल.