जलप्रवासास निघण्यापूर्वीं

सुटींत सहकुटुंब क्रूझ जहाजानें फिरावयास जाण्याची हौस आतां आपल्या घरांतूनहि दिसूं लागली आहे. वडीलधाऱ्या मंडळींसाठीं केबिन घ्यावयाची ती जहाजाच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर. तेथें हेलकावे कमी जाणवतात. मळमळूं लागल्यास डेकवर येऊन क्षितिजावर दृष्टि स्थिर ठेवावी. रोजचीं औषधें हातांतल्या पिशवींतच असूं द्यावींत. मोठें सामान केबिनमध्यें पोंचावयास पुष्कळदां उशीर होतो.

परंतु सर्वांत महत्त्वाची ती संकटकाळची कवाईत. भोंगा किमान ७ वेळां आंखूड व मग एकदां लांब वाजला कीं नेमल्या जागीं जमावयाचें, हें लहानथोर सर्वांस पाठ असावें. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्दिया’ खडकावर आदळून ३२ माणसें दगावलीं. त्याच सायंकाळीं चढलेल्या शेंकडों उतारूंची कवाईत व्हावयाचीच होती. पुढें १ जानेवारी २०१५ पासून, २४ तासांहून अधिक प्रवास करणाऱ्या उतारूंची कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं अथवा सुटतांच घेणें आंतरराष्ट्रीय नियमानें बंधनकारक झालें.

तेव्हां चहाफराळ मागाहून झाला तरी चालेल. आजीबाईंचा हात धरून प्रथम ती जागा त्यांस दाखवून आणावी.